‘शार्कटोपस’ पाहिला: त्या किनाऱ्यावरची माणसं कुठे गेली?

मांडवीकाठ (पणजी)

केबलवर ‘शार्कटोपस’ हिंदी डबिंगमध्ये लागला होता, तो या वेळी शेवटपर्यंत पाहिला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: २०१० साली अमेरिकेतल्या सायफाय वाहिनीसाठी केलेला हा चित्रपट. निर्माते रॉजर कॉर्मन, दिग्दर्शक डेक्लन ओब्रायन, ओळखीचा चेहरा म्हणाल तर एरिक रॉबर्ट्स. एक कंपनी नौदलासाठी अर्धा शार्क, अर्धा ऑक्टोपस असं जनावर तयार करते. त्याच्यावर ताबा ठेवणारं यंत्र बोटीचा पंखा लागून मोडतं आणि जनावर सुटतं ते मेक्सिकोतल्या प्वेर्तो व्हायार्ताच्या किनाऱ्यावर जातं. तिथे ते माणसं खात सुटतं, आणि शेवटी स्फोट.

असल्या चित्रपटांवर बोलताना लोक ग्राफिक्सला हसून मोकळे होतात. पैसे नव्हते हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं, त्यावर माझा राग नाही. माझी तक्रार किनाऱ्याबद्दल आहे.

या चित्रपटात जो माणूस मरायचा असतो तो मरण्याआधी अर्धा मिनिट पडद्यावर येतो. पोहतो, उन्हात पडतो, बंजीची दोरी बांधून उडी मारतो, आणि जातो. त्याचं नाव आपल्याला कळत नाही. त्याला शोधत कोणी येत नाही. पुढच्या प्रसंगात तोच किनारा तितकाच भरलेला, तेच संगीत, तेच हसणं. एवढी माणसं गेली तर त्या शहरात बाजार बंद पडेल की नाही? हॉटेलवाले पोलिसांकडे जातील की नाही? बोटी बांधून ठेवतील की नाही? प्वेर्तो व्हायार्ता हे खरंखुरं शहर आहे, बांदेरास उपसागरावर वसलेलं. हिवाळ्यात तिथे हंपबॅक देवमासे येतात, त्यांना दाखवायला बोटी निघतात. समुद्रात काहीतरी बिघडलंय हे तिथल्या नावाड्याला सगळ्यांत आधी कळलं असतं. चित्रपटात असा नावाडी कथेच्या मध्यभागी कुठेच नाही. मध्यभागी आहेत ते बहुतेक बाहेरून आलेले: शास्त्रज्ञ, भाडोत्री सैनिक, टीव्हीची वार्ताहर, पर्यटक.

‘जॉज’ची आठवण येते ती याच कारणाने. १९७५चा तो चित्रपट मोठ्या पैशांचा होता हे मान्य. पण त्यात शार्कने नेलेल्या मुलाची आई काळे कपडे घालून धक्क्यावर येते आणि पोलीसप्रमुखाच्या थोबाडीत मारते. त्या प्रसंगाला यंत्र लागलं नाही, रबर लागलं नाही. एक नटी आणि एक धक्का. त्या थपडेनंतर पाण्यात पाय घालणाऱ्या प्रत्येकाची आपल्याला काळजी वाटायला लागते.

मी गोव्याची, म्हणून मला हे जास्त टोचत असेल. आपला किनाराही पडद्यावर असाच येतो. शॅक, बिकिनी, मोटरसायकल, संपलं. पहाटे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारा माणूस दिसला तरी तो मागच्या बाजूला, धूसर. राक्षस असल्याच जागी सोडला तर भीती कोणाची वाटणार?

---

फ्रेमामागे (फोंडा, सध्या मुंबई)

ताई, मुद्दा पटला. पण ग्राफिक्सवरून इतक्या लवकर पुढे जाऊ नका, कारण मी हेच काम करतो आणि तिथली चूकही पैशांपेक्षा निवडीची आहे.

संगणकावर केलेलं जनावर खोटं वाटतं ते बहुतेक वेळा त्याच्या आकारामुळे वाटत नाही. ते जिथे टेकतं तिथे वाटतं. ओल्या वाळूवर पाय पडला की वाळू दबली पाहिजे, पाणी झिरपलं पाहिजे, खाली सावली पडली पाहिजे. पाण्यातून वर आलं की पाणी आधी फुगलं पाहिजे, मग फाटलं पाहिजे, मग अंगावरून गळलं पाहिजे. पाण्याचं असं सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर केलेली हुबेहूब नक्कल, फार महाग पडतं. मग कमी पैशांच्या कामात काय करतात? जनावर वेगळं, फेसाचा तुकडा वेगळा, आणि दोन्ही चित्रीकरणावर चिकटवतात. ‘शार्कटोपस’मध्ये ते भर दुपारच्या उन्हात येतं. उन्हात एकच ठळक सावली असते, ती चुकली की शाळेतल्या मुलालाही कळतं. रात्र, पाऊस, धुकं, गढूळ पाणी यांतलं काहीही निवडलं असतं तर निम्मं काम तिथेच झाकलं गेलं असतं. आपल्या पावसाळ्यातली झुआरी नदी बघा, हातभर खालचं दिसत नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. १९५४च्या जपानी ‘गॉडझिला’त रबरी पोशाखात माणूस होता आणि पायाखाली छोटी घरं. त्यांनी कॅमेरा जास्त वेगाने चालवला, म्हणजे पडद्यावर हालचाल संथ झाली, म्हणून ते धूड वजनदार वाटतं. मोठी वस्तू पडताना तिच्या आकाराच्या मानाने सावकाश दिसते हे डोळ्याला सवयीने माहीत असतं. शार्कटोपसचे हात मात्र चाबकासारखे सपासप फिरतात. इतकं मोठं जनावर इतकं हलकं झालं की मेंदू ते तिथल्या तिथे नाकारतो.

आणि नटांची नजर. समोर काहीच नसतं, काठीला चेंडू लावून ‘इथे बघा’ म्हणतात. चार जण चार उंचीवर बघत असले तर तो घोळ संकलनातही सुटत नाही. काठी नीट धरायला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. घाईच्या कामात पहिली कात्री त्यालाच लागते.

---

पावसाळी_प्रेक्षक (म्हापसा)

मी थोडा वेगळा सूर लावतो. मला हा चित्रपट आवडतो आणि ते सांगायला संकोच वाटत नाही.

नाव ‘शार्कटोपस’ आहे. ते नाव वाचून बसणाऱ्याला काय हवं असतं? शार्क आणि ऑक्टोपस. ते पहिल्याच प्रसंगात मिळतं. कॉर्मन यांनी स्वतः सांगितलं होतं की ही कल्पना वाहिनीकडून आली आणि सुरुवातीला त्यांनाच ती जरा अति वाटली होती. पण एकदा घेतल्यावर त्यांनी ती लपवली नाही. जूनमध्ये वीज येते-जाते, बाहेर पडता येत नाही, घरात आजीपासून नातवापर्यंत सगळे एका खोलीत, अशा वेळी हा चित्रपट सगळ्यांना धरून ठेवतो. बंजीचा प्रसंग आला की आमच्याकडे अजून आरडाओरडा होतो. त्या उडीत कल्पना आहे: माणूस स्वतःहून राक्षसाच्या तोंडापर्यंत खाली येतो आणि दोरी त्याला परत वर नेणार असते. हे साधं सुचत नाही.

प्रत्येक मेलेल्याचं घर दाखवायला लागलो तर तो वेगळाच चित्रपट होईल.

---

मांडवीकाठ

दादा, बंजीबद्दल तुमचं खरं आहे. तो प्रसंग रचलेला आहे, बाकीच्यांसारखा भरलेला नाही.

पण ‘वेगळा चित्रपट होईल’ म्हणालात, तर तो वेगळा चित्रपट कॉर्मन यांच्याच घरात झालेला आहे. १९७८चा ‘पिरान्हा’. त्यांच्याच कंपनीचा, तोही तुटपुंज्या पैशांत, दिग्दर्शक जो डान्टे, पटकथा जॉन सेल्स. कल्पनाही जवळजवळ तीच: व्हिएतनामच्या नद्यांत सोडण्यासाठी सैन्याने तयार केलेले मासे, ते सुटतात. फरक असा की ते नदीत सुटतात. नदी वाहते ती एकाच दिशेने. खाली मुलांचं उन्हाळी शिबिर आहे, त्याच्या पुढे नवीन पर्यटनस्थळाचं उद्घाटन आहे, आणि नायकाची स्वतःची मुलगी त्या शिबिरात आहे. हे कळल्याक्षणी पुढचा प्रत्येक मिनिट ताणला जातो. मासे तर क्वचितच दिसतात. दिसतात ते बुडबुडे, लाल पाणी आणि एक किरकिरणारा आवाज.

‘शार्कटोपस’मध्ये जनावर कुठून कुठे चाललंय हे मला एकदाही कळलं नाही. आत्ता बंदरात, मग किनाऱ्यावर, मग जमिनीवर. त्याला काय हवंय? भूक आहे म्हणावं तर खाऊन पोट भरत नाही. माणसाने शिकवलेली हिंसा आहे म्हणावं तर ती कथा बाप-मुलीच्या चार वाक्यांत उरकली. ती मुलगी स्वतः शास्त्रज्ञ, जनावर तिनेच घडवलेलं, आणि त्यात बापाने काय मिसळलं हे तिच्यापासून लपवलेलं. याहून चांगला गाभा कोणत्या राक्षसपटाला मिळणार? दोन नट, एक खोली, पैसा शून्य. तिथे पटकथेने थांबायला हवं होतं.

---

डिचोलीकर_अभि

याला जाहिराती कारणीभूत आहेत असं वाटतं का कोणाला? टीव्हीचे चित्रपट जाहिरातींच्या जागा धरूनच लिहितात ना?

---

फ्रेमामागे

हो अभि. दोन तासांच्या जागेत चित्रपट जेमतेम दीड तासाचा, उरलेला वेळ जाहिरातींचा. प्रत्येक ब्रेकच्या आधी प्रेक्षकाने चॅनल बदलू नये म्हणून एक हल्ला, ब्रेक संपला की लगेच दुसरा, कारण कोणीतरी नुकताच येऊन बसलेला असतो. मग हल्ले ठरावीक अंतराने येतात आणि तिसऱ्यानंतर अंगाला कळतं की आता येणार. भीतीला हे सगळ्यांत मारक. ‘जॉज’मध्ये पहिला तासभर शार्क धड दिसत नाही. त्यामागे अडचणही होती, समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तो यांत्रिक शार्क सारखा बंद पडायचा. मग त्यांनी शार्कच्या जागी पिवळी पिंपं पाण्यावर पळवली. रिकामं पिंप! प्रेक्षक पिंपाला घाबरले. सायफायच्या लोकांकडे पिंप विकत घेण्याइतके पैसे नक्की होते.

---

रापणवाटेवर (मोरजी)

आमचं घर मासेमारीचं, म्हणून दोन शब्द. ताईने लिहिलं की समुद्र बिघडला हे नावाड्याला आधी कळलं असतं. खरंच कळतं, आणि ते कसं कळतं हे दाखवलं असतं तर चित्रपटाला केवढा आधार मिळाला असता.

पक्षी आधी हलतात. रोज जिथे घिरट्या घालतात तिथे नसतात. मग जाळं. जाळं फाटून येतं तेव्हा भोकाचा आकार बघून वडील सांगतात खडकाला लागलं, डॉल्फिनने ओढलं की मोरीने, म्हणजे शार्कने, कापलं. मग मासळी कमी येते, किंवा एकदम भलतीच येते, खोल पाण्यातली मासळी काठाला. आणि किनाऱ्यावर बोलणं कमी होतं. कोणी ‘राक्षस’ म्हणत नाही. फक्त आज तू त्या बाजूला जाऊ नको म्हणतात. आई संध्याकाळी दोनदा दारात येऊन जाते.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, ६१ दिवस. समुद्र खवळलेला, किनाऱ्यावर लाल बावटे, आणि तरीही एखादा छोटी होडी घेऊन नदीच्या तोंडाशी जातो, कारण घरी गरज असते. त्याला का जावं लागलं हे मला माहीत असेल तर तो होडीत बसला तिथूनच माझा जीव टांगणीला लागेल. पर्यटकाला जायची गरज नसते. तो हौसेने पाण्यात उतरतो, म्हणून त्याचं मरण आपल्याला लागत नाही.

---

साखळीचा_रंगकर्मी

बाब, फार सुंदर लिहिलंस.

मी जत्रेतल्या काल्यात, म्हणजे दशावतारी नाटकात, लहानपणापासून काम करत आलोय. राक्षस रंगमंचावर आणायची विद्या आपल्याकडे किती जुनी आहे ते बघा. संकासूर. अंगावर काळे कपडे, डोक्यावरून काळा बुरखा, त्यावर डोळे काढलेले आणि खाली लोंबणारी लाल जीभ. एवढाच साज. आजच्या हिशेबाने खर्च काहीच नाही. पण तो सरळ येत नाही. आधी सूत्रधार आणि पखवाज यांनी वातावरण बांधलेलं असतं. मग अंधारातून आवाज येतो, पोरं आयांच्या मांडीत शिरतात, आणि मगच तो दिसतो. दिसल्यावरही तो अंगावर धावत बसत नाही. सूत्रधाराशी बोलतो, गावच्या बोलीत बोलतो, अडवतो, हसवतो. वेद पळवणारा हा असुर आपल्याच गावचा वाटायला लागतो आणि शेवटी त्याचा वध होतो तेव्हा पोरांना सुटल्यासारखंही वाटतं आणि हळहळही वाटते.

शार्कटोपसला कोणी सूत्रधारच नाही. चित्रपटात रेडिओवर बडबडणारा एक माणूस आहे, त्याला ही जागा देता आली असती. शहरातल्या अफवा, भीती, कोण हरवलं, कोणाची होडी आली नाही, हे सगळं त्याच्या तोंडून. त्याला नुसता बाष्कळ ठेवला.

---

नरकासूर_मंडळ (मडगाव)

साखळीच्या बाबांना दुजोरा. आम्ही दर दिवाळीला नरकासूर करतो. लोखंडी सांगाडा, वाळलेलं गवत, कागद, मुखवटा. त्याला बघायला रात्रभर लोक फिरतात आणि पहाटे तो जळतो. आमच्याकडे जुनी मुलं एकच शिकवतात: चेहऱ्यावर आणि मानेवर वेळ घाला, बाकी अंग अंधार सांभाळतो. खालून एकच दिवा मारला की दहा फुटांचा वीस फुटांचा दिसतो. या चित्रपटवाल्यांनी सगळ्या अंगावर सारखाच उजेड टाकला आणि सगळं अंग सारखंच कच्चं राहिलं.

---

खाजनकाठ (दुर्भाट)

शाळेत जीवशास्त्र शिकवते, म्हणून मला वेगळंच वाईट वाटलं. ऑक्टोपस हा निसर्गातला इतका विलक्षण प्राणी, आणि त्याच्यातलं त्यांनी फक्त आठ हात घेतले.

ऑक्टोपसच्या मज्जापेशींपैकी जवळजवळ दोन तृतीयांश त्याच्या हातांत असतात. हात बऱ्याच अंशी स्वतःच चाचपतात, स्वतःच ठरवतात, आणि चूषकांनी चव घेतात. अंगात हाड नाही, त्यामुळे चोच शिरेल एवढ्या फटीतून अख्खा प्राणी निघून जातो. क्षणात रंग बदलतो, कातडीचा पोतसुद्धा बदलतो. आता विचार करा, असा प्राणी किनाऱ्यावर सुटलाय आणि तो खडकासारखा दिसतो. बोटीच्या फळीतल्या फटीतून एक हात आत येतो आणि अंधारात चव घेत फिरतो, डोकं बाहेरच. हा प्रसंग करायला एक रबरी हात पुरेसा होता. शार्कचंही तसंच, त्याला गढूळ पाण्यातही स्नायूंच्या हालचालीतली सूक्ष्म वीज जाणवते. म्हणजे ज्याच्यापासून लपून राहताच येत नाही असा. हे दोन गुण एकत्र आले तर काय होईल, हा प्रश्न चित्रपटाला पडलाच नाही.

आणि भीतीबरोबर जगणं म्हणजे काय ते आमच्या बाजूला बघायला या. कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, खऱ्या. त्याच पाण्याच्या काठाने लोक शेती करतात, शिणाणे-खुबे असे शिंपले काढतात, बांध राखतात. कुठे उतरायचं नाही हे पोरांना चालायला लागल्यापासून सांगितलेलं असतं. पौष अमावास्येला आमच्या भागात मातीची मगर करून पूजतात, मानगे थापणी. शत्रू म्हणून नव्हे, तिने बांध राखावा आणि आपल्याला सांभाळावं म्हणून. मगरीशी असा व्यवहार असलेल्या गावात एखादी अनोळखी मगर आली तर गावाला काय वाटेल? मला तो चित्रपट बघायचाय.

---

पावसाळी_प्रेक्षक

बाई, फटीतून येणारा तो हात मला आत्ताच दिसायला लागला. बरं, मी एवढं कबूल करतो की चित्रपटाच्या मधल्या भागात मीही चहा करायला उठतो, आणि परत आलो तरी काही चुकलेलं नसतं. पण राक्षस शेवटी पुरता दिसलाच पाहिजे. पिंपं आणि आवाज यांवर अख्खा चित्रपट काढणारे नवे लोक मला जास्त फसवे वाटतात. शेवटी दाखवायला काहीच नसतं आणि त्याला ते कलात्मक म्हणतात.

---

मांडवीकाठ

यावर माझं दुमत नाही. दाखवलाच पाहिजे. संकासूरही शेवटी उजेडात येतोच.

---

डिचोलीकर_अभि

खरं सांगायचं तर मी हा धागा वहीत उतरवून घेतोय. कॉलेजचे आम्ही मित्र मिळून अर्ध्या तासाचा लघुपट करणार आहोत, भीतीचा, पाण्यातल्या जनावराचा. पैसे जवळजवळ नाहीत. एक कॅमेरा, दोन दिवे, आणि एकाच्या काकांची होडी. आधी आम्ही मोरजीला किनाऱ्यावर करणार होतो, पर्यटक मरतात असाच. वरचं वाचून ते रद्द केलंय. खाजनात, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीत, करायचं म्हणतोय. मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, रात्रीचं जाळं लावणारा बाप आणि त्याचा मुलगा. ओहोटीला पाणी बाहेर पडतं तेव्हा जाळ्यात मासळी येते, भरतीला दार आपोआप बंद होतं. एका रात्री दार पूर्ण मिटत नाही. काय अडकलंय ते दिसत नाही.

---

फ्रेमामागे

अभि, करच. तीन सूचना. अमावास्येच्या आसपास चित्रीकरण ठेव, म्हणजे काळोखही मिळेल आणि उधाणाची भरतीही. दाराच्या लाकडाचा आवाज वेगळा ध्वनिमुद्रित कर, जागेवर, कानाला लावून ऐकल्यासारखा जवळून; तुझ्या राक्षसाचा अर्धा भाग तोच आहे. आणि जनावर दाखवशील तेव्हा संगणकावर करू नको. हात किंवा पाठ एवढंच रबर-स्पंजचं कर आणि खऱ्या पाण्यात भिजव. खरं पाणी फुकट मिळतंय. मडगावच्या मंडळातल्या कोणाला मुखवट्यासाठी विचार.

---

नरकासूर_मंडळ (मडगाव)

विचारायला कशाला, येतो आम्ही. दिवाळी झाल्यावर कधीही. सांगाडा बांधायला दोघे जण पुरे.

---

रापणवाटेवर (मोरजी)

बाप जाळं कसं धरतो, गाठ कशी मारतो, ते नटाकडून आधी घोटून घे रे. हात चुकले की मच्छीमाराच्या घरातला माणूस पुढचं काही बघत नाही. आणि मुलाला रात्री का बरोबर नेलं ते ठरव. शाळा असते, आई सहजी पाठवणार नाही.

---

डिचोलीकर_अभि

मुलाचं कारण अजून सापडलेलं नाही. मानशीवरच्या मासेमारीचा हक्क या वर्षी बापाने लिलावात जास्त बोली लावून घेतलाय, पैसे उसने आहेत, मदतीला माणूस ठेवायला परवडत नाही, असं चालेल का? दुर्भाटच्या बाई, मानशीवर प्रत्यक्ष काम केलेल्या कोणाशी गाठ घालून द्याल का? संहिता लिहायच्या आधी एक रात्र तिथे बसायचंय.

---

खाजनकाठ (दुर्भाट)

चालेल, आणि लिलावाचं तू म्हणतोस तसं घडतंही. आमच्या शेजारचे आजोबा आयुष्यभर मानशीवर होते, अजून भरतीच्या वेळा तोंडपाठ आहेत. संदेश पाठव, तुझी त्यांच्याशी गाठ घालून देते. येताना टॉर्च आण, आणि बांधावरून चालताना ते सांगतील तिथेच पाय टाक.